टेलिफोन कारखान्यातल्या माणसाने कागदावर रेघा ओढल्या, म्हणून आज तुमच्या कुत्र्याच्या ब्लड रिपोर्टवर भरवसा ठेवता येतो

समजा, घरातला मोती दोन दिवस नीट जेवला नाहीये. पाणी मात्र सारखं पितोय. तुम्ही त्याला घेऊन जवळच्या पेट क्लिनिकमध्ये जाता. डॉक्टर पायातून थोडं रक्त काढतात. कोपऱ्यात मायक्रोवेव्हएवढं एक मशीन असतं. त्यात ते रक्त जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत चिठ्ठी बाहेर येते. क्रिएटिनिन १.६.

किडनीच्या आजाराचे जे टप्पे पशुवैद्यक जगभर वापरतात, त्यात कुत्र्यांसाठी १.४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा महत्त्वाचा आहे. आकडा त्याच्या वर गेला आणि पुन्हा तपासल्यावरही वरच राहिला, की डॉक्टर किडनीच्या दिशेने विचार करू लागतात. मग खास डाएट, औषधं, पुन्हा पुन्हा चाचण्या आणि घरातल्या सगळ्यांच्या डोक्याला घोर.

पण एक प्रश्न आपण कधी विचारतच नाही. मशीन १.६ म्हणतंय, ते आज बरोबर सांगतंय कशावरून? खरा आकडा १.३ असेल आणि मशीनच गेल्या आठवड्यापासून वर सरकलं असेल तर? मोती काही बोलून सांगणार नाही. आणि मशीन तर चुकीचा आकडाही तितक्याच ऐटीत छापतं.

या प्रश्नाचं उत्तर ज्याने शोधलं, त्याचा कुत्र्या-मांजरांशी काही संबंध नव्हता. रक्ताशी तर नव्हताच. तो टेलिफोनच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याचं नाव वॉल्टर अँड्र्यू शूहार्ट. कारखान्यांच्या जगात त्याला क्वालिटी कंट्रोलचा जनक म्हणतात. त्याचीच ही गोष्ट.

फिजिक्सचा मास्तर

शूहार्टचा जन्म १८ मार्च १८९१ चा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात न्यू कँटन नावाचं छोटं गाव आहे, तिथला. शिकायला तो इलिनॉय विद्यापीठात गेला. १९१३ मध्ये पदवी घेतली, १९१४ मध्ये मास्टर्स केलं आणि त्याच वर्षी एडना हार्ट हिच्याशी लग्न केलं. मग दोघं कॅलिफोर्नियाला गेले. तिथे बर्कलेमध्ये १९१७ साली त्याला फिजिक्समधली डॉक्टरेट मिळाली.

पुढे काही काळ त्याने मास्तरकी केली. विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉस इथे शिक्षक घडवणारं एक कॉलेज होतं, तिथे तो फिजिक्स विभागाचा प्रमुख होता. सगळं असंच चालू राहिलं असतं, तर आज त्याचं नाव कुणाला ठाऊकही नसतं.

पण १९१८ साली त्याने वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी धरली. ही कंपनी बेल टेलिफोनसाठी फोन आणि फोनला लागणारं सगळं सामान बनवायची. शिकागोला लागूनच तिचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता. तिथे हजारो माणसं राबायची. शूहार्ट तपासणी विभागात रुजू झाला.

कारखान्याची डोकेदुखी काय होती?

त्या काळी तपासणी म्हणजे साधा हिशोब होता. माल तयार झाला की बघायचा. चांगला असेल तर पुढे पाठवायचा, खराब असेल तर बाजूला काढायचा. खराब माल मुळात तयार का होतोय, हा प्रश्न तपासणीवाल्यांच्या खात्यातच नव्हता.

टेलिफोनच्या धंद्यात हे महागात पडत होतं. आवाज लांबवर पोचवणारे अॅम्प्लिफायर आणि इतर उपकरणं जमिनीखाली पुरलेली असायची. एक बिघडलं की रस्ता खणा, शोधा, दुरुस्त करा, पुन्हा बुजवा. त्यामुळे बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा तो होऊच न देणं कंपनीला जास्त परवडणारं होतं.

मग कामगार आणि इंजिनिअर काय करायचे? माल जरा इकडेतिकडे झाला की लगेच मशीनची सेटिंग बदलायची. आज जरा जास्त आलं, कमी करा. उद्या जरा कमी आलं, वाढवा. प्रत्येकाला वाटायचं आपण काळजी घेतोय. प्रत्यक्षात उलटंच व्हायचं. दर वेळी हात लावल्यामुळे मालातली तफावत वाढायची.

नवीन शॉवरखाली उभं राहिल्यावर होतं ना, तसंच. पाणी जरा गार वाटलं की आपण नळ गरमकडे फिरवतो, मग चटका बसतो, मग पुन्हा गारकडे. दोन मिनिटं हात न लावता थांबलो असतो तर पाणी आपोआप बरं झालं असतं.

१६ मे १९२४

या दिवशी शूहार्टने त्याचे साहेब जॉर्ज एडवर्ड्स यांना एक टिपण पाठवलं. टिपण जेमतेम एका पानाचं होतं. त्यातला जवळपास तिसरा भाग एका साध्या आकृतीने व्यापला होता. या आकृतीला आज कंट्रोल चार्ट म्हणतात.

चार्ट काय होता? मधे एक आडवी रेघ, ती सरासरीची. तिच्या वर एक रेघ, खाली एक रेघ. या दोन हद्दी. रोजचं मोजमाप एका ठिपक्याने दाखवायचं आणि ठिपके हद्दीत आहेत की बाहेर, ते बघायचं. बस्स.

दिसायला सोप्या वाटणाऱ्या या चित्रामागे एक मोठा विचार होता. शूहार्टचं म्हणणं असं होतं की जगात कुठलीही दोन मोजमापं अगदी तंतोतंत सारखी येत नाहीत. तीच पोळी, तीच बाई, तोच तवा, तरी रोज आकार जरासा वेगळा येतो. ही अंगभूत तफावत. तिच्यामागे शेकडो बारीकसारीक कारणं असतात आणि त्यातलं एकेक शोधत बसण्यात अर्थ नसतो. पण एखाद्या दिवशी पोळी अचानक निम्म्या आकाराची झाली, तर मात्र नक्की काहीतरी घडलंय. गॅस संपत आलाय, पीठ बदललंय किंवा आज लाटणारं माणूसच वेगळं आहे. हे कारण शोधता येतं आणि शोधायलाच हवं.

ही दोन प्रकारची कारणं वेगळी कशी ओळखायची, हाच खरा पेच होता. शूहार्टच्या रेघा त्यासाठी होत्या. ठिपके रेघांच्या आत असतील तर हात लावू नका. बाहेर गेले तर थांबा आणि कारण शोधा.

त्याने या रेघा सरासरीपासून तीन सिग्मा अंतरावर ठेवल्या. सिग्मा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, मराठीत प्रमाण विचलन. मोजमापं सरासरीभोवती साधारण किती पसरतात, त्याचं हे माप. तीन सिग्मा कशाला? कारण चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. सगळं ठीक असताना उगाच मशीन उघडलं तरी नुकसान, आणि बिघाड असताना झोपून राहिलो तरी नुकसान. दोन्ही नुकसानांचा हिशोब घालून व्यवहारात परवडेल अशी ती हद्द होती.

हे नुसतं कागदावर राहू नये म्हणून त्याने प्रयोगही केले. एका वाडग्यात आकडे लिहिलेल्या चकत्या टाकल्या. एक काढायची, आकडा लिहायचा, परत टाकायची, हलवायचं, पुन्हा काढायची. असं करत त्याने एका वाडग्यातून ४,००० वेळा चकत्या काढल्याची नोंद आहे. केवळ योगायोगाने आकडे किती हलतात, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

पुस्तक, शिष्य आणि जपान

१९२५ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीज स्थापन झाली आणि शूहार्ट तिथे गेला. १९५६ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. १९३१ साली त्याचं गुणवत्ता नियंत्रणावरचं मोठं पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी त्याने लंडन विद्यापीठात व्याख्यानं दिली.

एक मात्र खरं. शूहार्टचं लिखाण वाचायला जड होतं. त्याचा विचार लोकांपर्यंत पोचवायला दुसऱ्या माणसाची गरज होती. तो माणूस म्हणजे एडवर्ड्स डेमिंग. डेमिंग तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्यात होता. त्याने १९३८ साली शूहार्टला खात्याच्या अभ्यासवर्गात बोलावून व्याख्यानं द्यायला लावली आणि १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक संपादित करून काढलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांसाठी कंट्रोल चार्टचे अधिकृत मानक तयार केले. शूहार्ट युद्ध खात्याचा सल्लागार होता. युद्धानंतर १९५० मध्ये डेमिंग जपानला गेला आणि तिथल्या उद्योजकांना हेच शिकवलं. पुढे जपानी मालाचा जगभर डंका वाजला. आज मॅनेजमेंटच्या प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात ते आखा, करा, तपासा, सुधारा हे चक्रही शूहार्टच्याच विचारातून निघालं. डेमिंग शेवटपर्यंत त्याला शूहार्टचं चक्र म्हणायचा.

शूहार्ट भारतातही आला होता

हे फारसं कुणाला माहीत नसतं. १९४७-४८ च्या हिवाळ्यात, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, शूहार्ट भारतात आला. बोलावणारे होते प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांची कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. कारखाने उभे करायची स्वप्नं बघणाऱ्या देशाला तपासणीचं शास्त्रही हवं, हे महालनोबिस यांना पटलं होतं.

त्यानंतर १९५० च्या दशकात या संस्थेने गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं सुरू केली. त्यात आपली मुंबईही होती. भारतीय सांख्यिकी संस्थेने १९६२ मध्ये शूहार्टला मानद डॉक्टरेट दिली.

मग हा चार्ट रक्ताच्या बाटलीपर्यंत पोचला कसा?

आता वळू या आपल्या मूळ प्रश्नाकडे.

१९४७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बेल्क आणि संडरमन या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. त्यांनी एकाच द्रावणाचे नमुने अनेक हॉस्पिटलच्या लॅबना पाठवले आणि सांगितलं, मोजून द्या. नमुना एकच, त्यामुळे उत्तरं जवळपास सारखी यायला हवी होती. पण ती इतकी वेगवेगळी आली की सगळेच हादरले. म्हणजे पेशंटने लॅब बदलली तर आजारही बदलायचा.

तीन वर्षांनी, १९५० मध्ये, स्टॅनली लेव्ही आणि एल्मर जेनिंग्ज या दोघांनी शूहार्टचा चार्ट उचलला आणि लॅबमध्ये आणला. कारखान्यात फोनचे सुटे भाग मोजतात, इथे रक्तातली साखर मोजू. तत्त्व तेच. आजही जगभरच्या लॅबमध्ये हा चार्ट लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणून ओळखला जातो. नाव त्यांचं, मूळ शूहार्टचं.

१९५७ मध्ये रक्ताच्या रासायनिक चाचण्या आपोआप करणारं पहिलं यंत्र बाजारात आलं. चाचण्यांचा वेग वाढला आणि चुकांचाही. कारण हाताने करणारा माणूस चुकला तर एक रिपोर्ट चुकतो, मशीन बिघडलं तर दिवसभराचे सगळे. १९८१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स वेस्टगार्ड आणि सहकाऱ्यांनी चार्ट वाचायचे नियम मांडले. ज्या राज्यात शूहार्ट कधीकाळी फिजिक्स शिकवत होता, तिथेच त्याच्या चार्टला ही नवी जोड मिळाली.

पेट क्लिनिकमध्ये हे कसं चालतं?

मशीनबरोबर कंट्रोल नावाची छोटी बाटली मिळते. त्यात रक्तातल्या पाण्यासारख्या भागाचा, म्हणजे सीरमचा नमुना असतो. त्यात काय किती आहे हे आधीच ठरलेलं असतं. पेशंटचं रक्त घालण्याआधी हा कंट्रोल मशीनमध्ये चालवायचा. मशीनचीच परीक्षा घ्यायची आणि पेपरचं उत्तर आपल्याला आधीच माहीत.

बाटलीबरोबरच्या कागदावर कंपनीने हद्दी दिलेल्या असतात. पण त्या बऱ्याचदा फार सैल असतात. म्हणून चांगली लॅब तोच कंट्रोल साधारण २० वेळा चालवून आपल्या मशीनची स्वतःची सरासरी आणि विचलन काढते.

समजा, साखरेच्या कंट्रोलची सरासरी आली १०० आणि विचलन ३. मग दोन सिग्माच्या रेघा ९४ आणि १०६ वर, तीन सिग्माच्या ९१ आणि १०९ वर.

सोमवारी कंट्रोल आला १०२, मंगळवारी ९८, बुधवारी १०१. मशीन ठीक आहे, काम सुरू करा.

गुरुवारी आला ११०. तीन सिग्माच्या बाहेर. थांबा. पेशंटचं रक्त घालू नका, आधी कारण शोधा.

किंवा असं समजा, एके दिवशी १०७ आला आणि दुसऱ्या दिवशी १०८. तीन सिग्माची रेघ एकदाही ओलांडली नाही. पण लागोपाठ दोनदा एकाच बाजूला दोन सिग्माच्या बाहेर जाणं निव्वळ योगायोगाने फार क्वचित घडतं. मशीन सरकलंय.

आणि सगळ्यात फसवा प्रकार. सलग दहा दिवस ठिपके १०१ ते १०५ मधेच, म्हणजे सगळे हद्दीत, पण सगळे सरासरीच्या वर. रोजचा आकडा एकेकटा बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. चार्ट बघणाऱ्याला एका नजरेत कळतं.

इथे एक गंमत बघा. काही ठिकाणी कंट्रोल दोन सिग्माच्या बाहेर गेला की लगेच मशीन बंद करतात. पण दोन सिग्माच्या आत साधारण ९५ टक्के ठिपके पडतात, म्हणजे ठणठणीत मशीनसुद्धा २० मधून एकदा बाहेर जाणारच. एका वेळी १० चाचण्यांचे कंट्रोल लावले तर त्यातला एक तरी बाहेर जाण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. म्हणजे आठवड्यात दोन-तीनदा खोटी घंटा. तीन सिग्मा धरले तर हीच शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास येते.

खोट्या घंटा वाजत राहिल्या की माणूस कंटाळतो. मग कंट्रोल पुन्हा चालवतो, पुन्हा चालवतो आणि एकदाचा आत आला की हुश्श करतो. कारण कुणी शोधतच नाही. आणि ज्या दिवशी खरोखर बिघाड असतो त्या दिवशीही हेच होतं. हॉथॉर्नच्या कामगारांनी शंभर वर्षांपूर्वी केलेली चूक आणि ही चूक सख्ख्या बहिणी आहेत. तिथे हात उगाच लावला जात होता, इथे लावायच्या वेळी लावला जात नाही.

सरळ चालणारं पण चुकलेलं घड्याळ

घरातलं घड्याळ रोज बरोबर दहा मिनिटं पुढे असेल, तर ते अगदी नियमित आहे. पण बरोबर नाही. मशीनचंही तसंच. रोज सारखाच आकडा देणं वेगळं आणि खरा आकडा देणं वेगळं. चार्ट मशीनमध्ये झालेला बदल पकडतो. ते पहिल्यापासूनच वर दाखवत असेल, तर मोठ्या भरवशाच्या लॅबशी ताडून बघावं लागतं.

अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय क्लिनिकल पॅथॉलॉजीच्या संघटनेने यासाठी कोणत्या चाचणीत एकूण किती चूक चालेल, हे ठरवून दिलंय. हिशोब सोपा आहे. मशीन खऱ्या आकड्यापासून किती टक्के सरकलंय ते घ्या, त्यात रोजच्या तफावतीच्या टक्केवारीची दुप्पट मिळवा.

क्रिएटिनिनला २० टक्के चूक चालते. मशीन ६ टक्के सरकलंय आणि तफावत ४ टक्के आहे, तर ६ अधिक ८ म्हणजे १४. पास. पोटॅशियमला मात्र ५ टक्केच, कारण ते जरा वरखाली झालं तर हृदयावर परिणाम होतो. तिथे २ टक्के सरकलेलं आणि २ टक्के तफावतीचं मशीन ६ वर जातं. नापास. एकच मशीन एका चाचणीसाठी उत्तम आणि दुसरीसाठी बिनकामाचं असू शकतं.

चार्टला न दिसणाऱ्या चुका

शूहार्टचा चार्ट फक्त मशीनवर नजर ठेवतो. रक्त काढताना झालेली चूक त्याला दिसत नाही.

रक्त घाईने ओढलं की लाल पेशी फुटतात आणि आकडे बिघडतात. अकिता आणि शिबा इनू या जपानी जातींच्या कुत्र्यांच्या लाल पेशींत पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की पोटॅशियम उगाचच वाढलेलं दिसतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं क्षार असलेलं रसायन असतं. ते रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेलं की पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली. रक्त तसंच ठेवून दिलं तर पेशी साखर खात राहतात आणि साखर कमी दिसते. मांजर क्लिनिकमध्ये घाबरलं की मधुमेह नसतानाही त्याची साखर वाढते. माणसांचं घरगुती ग्लुकोमीटर कुत्र्या-मांजरांवर बहुतेक वेळा साखर कमीच दाखवतं, कारण साखर पेशींत किती आणि बाहेर किती, हे गणित प्रत्येक प्राण्यात वेगळं असतं.

शिवाय बऱ्याच मशीनच्या स्लाइड आणि किट फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. लाइट गेली, फ्रिज बंद पडला, तर कंट्रोल लावल्याशिवाय ते कळणार नाही.

सक्ती कुणाची आहे?

अमेरिकेत माणसांच्या रक्ततपासणीवर १९८८ चा केंद्रीय कायदा लागू आहे. पण तो माणसांच्या नमुन्यांपुरता. प्राण्यांच्या लॅब त्यात येत नाहीत. आपल्याकडेही लॅबची गुणवत्ता तपासणारं एनएबीएलचं प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. म्हणजे पेट क्लिनिकमधल्या मशीनवर कंट्रोल लावायचा की नाही, हे बरंचसं डॉक्टरांच्या सचोटीवर आहे.

कंट्रोलला पैसे लागतात. स्लाइड खर्ची पडते, वेळ जातो आणि त्याचं बिल कुणाला लावता येत नाही. गर्दीच्या क्लिनिकमध्ये पहिली काटछाट तिथेच होण्याची शक्यता असते. जे डॉक्टर तरीही रोज कंट्रोल लावतात, त्यांचं हे काम पेशंटच्या मालकाला कधी दिसतही नाही.

म्हणून विचारायला हरकत नाही. आवाज न चढवता, सहज. डॉक्टर, आज मशीनचा कंट्रोल लावला होता का? हा आकडा अनपेक्षित आहे तर पुन्हा बघायचा का, किंवा मोठ्या लॅबला पाठवायचा का? पुढची तपासणी याच मशीनवर करू या ना, म्हणजे तुलना करता येईल? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरंच वाटतं.

शेवटी शूहार्टचं काय झालं?

त्याला मान मिळाले. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचा तो १९४५ मध्ये अध्यक्ष होता. अमेरिकेतल्या क्वालिटी कंट्रोलच्या संघटनेने त्याला आपला पहिला मानद सदस्य केलं आणि त्याच्या नावाने पदक सुरू केलं. पण डेमिंगइतकी प्रसिद्धी त्याच्या वाट्याला आली नाही. ११ मार्च १९६७ रोजी न्यू जर्सीतल्या ट्रॉय हिल्स इथे तो गेला. ७६ वा वाढदिवस एका आठवड्यावर होता.

त्याला जमिनीखाली पुरलेली उपकरणं न खणता शाबूत राहायला हवी होती. मोतीच्या किडन्यांचंही तसंच आहे. उघडून बघता येत नाही. बाहेर येतो तो फक्त एक आकडा, आणि त्या आकड्यावर औषध ठरतं. तो आकडा छापणाऱ्या मशीनची आज सकाळी कुणीतरी परीक्षा घेतली होती का, एवढंच आपण बघायचं.

बाकी, मोतीचा आकडा दुसऱ्यांदा तपासला तर तो १.३ ही येऊ शकतो आणि १.६ ही. १.३ आला तर उगाचची औषधं वाचतील. १.६ आला तर उपचार वेळेत सुरू होतील. दोन्ही वेळा फायदा मोतीचाच.